दारापुढची गल्ली

मराठी घरांत पाहुणा आला, चहाफराळ झाला, ख्यालीखुशाली विचारून झाली, कीं थोड्या वेळानें घरचीं छायाचित्रें बाहेर निघतात. पूर्वीं हीं छायाचित्रें काळ्या जाड कागदाच्या वहींत, चारी कोपरे कागदी खोबणींत अडकवून, बसविलेलीं असत. आतां तीं खिशांतल्या मोबाईलमध्यें असतात आणि बोटानें सरकवून दाखविलीं जातात. संख्या डझनावरून हजारांवर गेली, परंतु विषय फारसे बदललेले नाहींत. मुंजींतला बटु, बोहल्यावरची वधू, बारशाचा पाळणा, काशीचा घाट, महाबळेश्वरचा कडा, आजोबांची पंचाहत्तरी, पदवीदानाच्या झग्यांतला नातू! या साऱ्यांत दोन गोष्टी क्वचितच आढळतात. एक, ती गल्ली, जिच्यांतून घरांतलें प्रत्येक माणूस दिवसांतून चार वेळां गेलें. आणि दुसरी, त्या गल्लीवर सकाळीं पडणारें ऊन.

आजच्या लेखांत या राहून गेलेल्या गोष्टींविषयीं लिहावयाचें आहे. शहरांतल्या सामान्य जागा, म्हणजे गल्ली, बोळ, बाजार, नाका, पुलाचा कठडा, गच्चीवरून दिसणारीं छपरें, यांत सौंदर्य असतें काय, असल्यास तें टिपावें कसें, आणि टिपून ठेवण्याचा कुटुंबाला उपयोग काय, असे हे तीन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर वडीलधाऱ्या मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: ‘गल्लीचें काय चित्र काढायचें? तेथें पाहण्यासारखें आहे तरी काय?’ हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण बाजारापुरती नसून डोळ्यांनाही लागू आहे. जें रोज समोर येतें तें डोळा ओळखतो, पण पाहत नाहीं. सोनाराच्या दुकानाची पाटी लागली, आतां डावीकडे वळावयाचें, एवढीच नोंद मन घेतें. एखाद्या दिवशीं ती पाटी निघाली कीं दोन दिवस चुकल्यासारखें होतें. आणि महिन्याभरानें तेथें पूर्वीं काय होतें तें विचारलें, तर घरांतल्या चौघांचीं चार उत्तरें येतात.

गंमत अशी कीं, छायाचित्रणाच्या कलेचा जन्मच मुळीं अशा सामान्य दृश्यावर झाला. फ्रान्समधील निसेफोर निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकींतून जें चित्र घेतलें, तें कॅमेऱ्यानें घेतलेलें व आज शिल्लक असलेलें सर्वांत जुनें छायाचित्र मानलें जातें. त्यांत राजा नाहीं, देऊळ नाहीं, पर्वत नाहीं. घराच्या भिंती, एक उतरतें छप्पर, आणि मागें अंधुक आभाळ, एवढेंच त्यांत आहे. जस्ताच्या रंगाच्या एका धातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीचा लेप देऊन तो पत्रा निदान आठ तास, कदाचित् त्याहूनही अधिक वेळ, प्रकाशांत ठेवावा लागला. त्यामुळें सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकला आणि चित्रांत दोन्हीं बाजूंच्या भिंतींवर ऊन पडल्यासारखें दिसतें. पुढें १८३८ मध्यें लुई दागेर यानें पॅरिसचा एक रस्ता टिपला. रस्त्यावर वर्दळ होती, परंतु चित्र उमटण्यास कांहीं मिनिटें लागत असल्यामुळें चालणारीं माणसें व धावणाऱ्या गाड्या त्यांत उमटल्याच नाहींत. राहिला तो एक गृहस्थ, कारण तो जोड्याला पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं उभा होता. छायाचित्रांत सांपडलेल्या पहिल्या माणसांत या अनामिकाची गणना होते. नित्याचें एक काम करीत तो स्वस्थ उभा राहिला, एवढ्यावरच तो इतिहासांत गेला!

पुढें ही कला दरबारांत, स्टुडिओंत आणि प्रेक्षणीय स्थळीं रमली. तरी शहराचें रोजचें रूप टिपणारे कांहीं लोक निघालेच. आणि ते बहुधा अशा वेळीं निघाले, जेव्हां तें रूप जाण्याची घटका जवळ आली होती. पॅरिसमध्यें जुने अरुंद रस्ते पाडून रुंद राजमार्ग काढण्याचें काम चाललें असतां, नगराच्या कारभाऱ्यांनीं शार्ल मार्व्हिल यास १८६५ च्या सुमारास त्या जाणाऱ्या रस्त्यांचीं चित्रें घेण्यास सांगितलें. त्यानें अशीं चारशेंहून अधिक चित्रें घेतलीं. ग्लासगो शहरांत टॉमस ॲनन यानें १८६८ ते १८७१ या काळांत पाडावयाच्या वस्त्यांतील बोळ टिपले. आणि या सर्वांत ज्याचें नांव आज आदरानें घेतलें जातें तो यूजेन आत्जे (१८५७–१९२७) हा तर मूळचा नट. त्यानें तीस वर्षें जड लाकडी कॅमेरा व कांचेच्या तबकड्या पाठीवर वाहून पॅरिसचीं दारें, जिने, दुकानें, अंगणें टिपलीं. तो बहुधा पहांटे निघे, कारण त्या वेळीं प्रकाश मऊ असे व रस्ता मोकळा मिळे. आपल्या चित्रांना तो कलाकृति म्हणत नसे. चित्रकारांच्या उपयोगाचे दस्तऐवज, एवढाच त्याचा दावा होता. ज्याला तो दस्तऐवज म्हणे त्यांत पुढच्या पिढ्यांना काव्य दिसलें. सौंदर्य शोधावयास निघालेल्या पुष्कळांस तें सांपडत नाहीं. परंतु खरें तें नीट नोंदवूं पाहणाऱ्यास तें वाटेंत भेटतें, असें आत्जेच्या कामावरून वाटतें.

हा सगळा परदेशचा पसारा झाला. आपल्याकडे काय होतें? मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येंच निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित हौशी छायाचित्रकारांत गणले जात. नाशिककरांस मात्र याहून जवळचें उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्यें त्र्यंबकेश्वरचा, आणि देहावसान १९४४ मध्यें नाशकांत. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते. गोध्र्यास त्यांनीं स्टुडिओ काढला होता. १९१२ मध्यें विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं आरंभीं जें केलें तें प्रत्येक हौशी छायाचित्रकारानें ध्यानांत ठेवावें. पौराणिक देखावा उभारण्याआधीं त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याला फुटणारा अंकुर दिवसामागून दिवस थोडा थोडा टिपला. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें तो लहानसा चित्रपट प्रसिद्ध आहे. हरिश्चंद्राची भव्य कथा १९१३ मध्यें पडद्यावर आली, परंतु तिच्या आधीं एका वाटाण्यानें कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. सामान्य वस्तूकडे एकाच जागीं उभें राहून, धीरानें, पुन्हां पुन्हां पाहणें हा धडा ज्यानें दिला तो मनुष्य आपल्याच जिल्ह्याचा. आणि आपण मात्र गल्लीकडे पाहण्यास कंटाळतों!

आतां दुसरा प्रश्न, टिपावें कसें. प्रत्येक शहराचा प्रकाश निराळा असतो, आणि तो त्या शहराच्या जमिनीवर व दगडावर अवलंबून असतो. गोदावरी पश्चिमेकडून नाशकांत येते आणि रामकुंडाशीं दक्षिणेकडे वळते. या वळणाला धार्मिक दृष्ट्या महत्त्व आहेच, पण छायाचित्रकाराच्या दृष्टीनेंही तें मोलाचें आहे. नदी दक्षिणेकडे वाहूं लागल्यामुळें पंचवटी पूर्व तीरावर पडते व जुनें नाशिक पश्चिम तीरावर. म्हणून सूर्य पंचवटीच्या मागून वर आला कीं त्याचे पहिले किरण नाशिकच्या बाजूच्या पायऱ्यांवर व घरांवर पडतात. त्या वेळीं पंचवटीचीं देवळें उजेडाच्या पाठीमागें काळ्या आकृतींसारखीं उभीं असतात. संध्याकाळीं नेमकें उलट होतें. जुन्या गांवावर सांवली उतरते आणि पूर्वेकडचे कळस, नारोशंकराच्या देवळाची दगडी भिंत, घाटावर वाळत घातलेलीं लुगडीं व धोतरें पिवळसर उजेडांत न्हाऊन निघतात. एवढी एक गोष्ट ज्यास कळली, त्यास अर्धी कला आली म्हणावयास हरकत नाहीं. पुष्कळ लोक सोयीची वेळ म्हणून भर दुपारीं घाटावर जातात, आणि घरीं येऊन म्हणतात कीं चित्रांत कांहीं आलें नाहीं.

न येण्याचें कारण आपल्या दगडांत आहे. नाशकांत बांधकामास वापरला जाणारा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. तो उजेड गिळतो. दुपारच्या उन्हांत आभाळ पांढरेंफटक येतें आणि काळ्या दगडाचें जोतें नुसता डाग होऊन बसतें. त्यांतून जुनें गांव टेकड्यांवर वसलेलें. ‘नवशिख’, म्हणजे नऊ शिखरांचें म्हणून नाशिक, अशीही या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, चढउतार मात्र पायांना जाणवतात. अरुंद चढाच्या गल्लींत दुपारीं फक्त मधोमध उन्हाची एक पट्टी येते. अशा गल्लीला उत्तम काळ पावसाळ्याचा. ढगांतून गाळून आलेला उजेड सगळीकडे सारखा पसरतो, ओल्या दगडाला चकाकी येते, लाकडी खांबावरचें कोरीव काम उठून दिसतें, आणि फरसबंदीवर साचलेल्या पाण्यांत वरच्या मजल्याची खिडकी खालीं उतरते. आपण पावसाला चित्राचा शत्रु समजून कॅमेरा कपाटांत ठेवतों. परंतु काळ्या दगडाच्या गांवांत पाऊस हा छायाचित्रकाराचा मित्र आहे. वाड्याच्या आंतल्या चौकाचीही तीच कथा. तेथें उजेड वरून पडतो, म्हणून सकाळीं दहाच्या सुमारास एखाद्या भिंतीवर तिरपें ऊन आलें असतां तेथें पाटावर भाजी निवडीत बसलेल्या काकूंचें चित्र कोणत्याही स्टुडिओंतल्या दिव्यांहून सुंदर येतें.

एका जागेचें पुन्हां पुन्हां चित्र घेतल्यानें काय मिळतें, याचा उत्तम नमुनाही गोदाघाटावरच उभा आहे. नदीपात्रांतला दुतोंड्या मारुति हा नाशिककरांचा पूरमापक. पाणी त्याच्या पायांशीं आलें, गुडघ्यांपर्यंत आलें, कमरेला लागलें, गळ्याशीं पोंचलें, या शब्दांत सारें गांव पुराचें मोजमाप करतें. १९६९ चा महापूर, मग २००८, २०१६ व २०१९ चे पूर, या सर्वांच्या आठवणी मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी होतें यावरून सांगितल्या जातात. पुराच्या दिवशीं पुलावर जमलेली गर्दी हेंच दृश्य टिपते. आणि कोणीं ठरविलें नसतांही वर्षांवर्षांचीं तुलना करतां येण्यासारखीं चित्रें तयार होतात. कारण एकच: पाहण्याची जागा ठरलेली आणि मधली खूण न हलणारी. हा मारुति आपल्या प्रत्येकाच्या गल्लींत असतो. एखादा पिंपळाचा पार, पाण्याची टांकी, वळणावरचा दगडी कोपरा, शाळेची कमान. ती खूण मध्यें धरून दर वर्षीं एक चित्र घेतलें, तर दहा वर्षांनीं त्या दहा चित्रांत शहर कसें वाढलें, झाड केव्हां तोडलें गेलें, कोणत्या घरावर मजला चढला, हें सारें बोलूं लागतें. सुटें चित्र दृश्य दाखवितें. ओळीनें लावलेलीं चित्रें काळ दाखवितात.

सामान्य जागेच्या पोटांत काय दडलेलें असतें, याचें आणखी एक उदाहरण तिवंधा चौकांत, दिल्ली दरवाज्याशीं आणि पंचवटींतल्या शनि चौकांत आहे. वर्षभर या चौकांतून सायकली, रिक्षा, हातगाड्या जात येत असतात. परक्या माणसास तेथें एक साधा चौक दिसतो. परंतु त्या रस्त्याखालीं पेशवेकालीन रहाड, म्हणजे दगडी हौद, झांकलेला असतो. रंगपंचमीला तो उघडतात, रंगानें भरतात, उड्या पडतात. आणि सण संपला कीं पुन्हां लांकडें व माती घालून वरून रस्ता होतो. उड्यांचीं चित्रें शेंकडों निघतात. पण रिकाम्या, झांकलेल्या चौकाचें चित्र कोणीं शेजारीं लावलें, तर त्या जोडींतून जें कळेल तें एकट्या उडीच्या चित्रांत कळणार नाहीं. तांबटाच्या हातोडीखालचा हंडा, बुधवारच्या बाजारांत गोदाघाटावर मांडलेल्या भाजीच्या राशी, सराफ बाजारांतली सकाळची झाडलोट, यांचेंही असेंच आहे. आणि हें सौंदर्य जुन्या गांवापुरतेंच आहे असें मुळींच नाहीं. सिडकोंतलीं एकसारखीं घरें पाहा. एकाच नकाशावर उभीं राहिलेलीं हीं घरें मालकांनीं जिने, जाळ्या, कुंड्या, रंग यांनीं अशीं निरनिराळीं करून टाकलीं आहेत कीं, माणसाची हौस म्हणजे काय तें तेथें शिकावें. सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हां संध्याकाळच्या धुरकट उजेडांत घरीं निघालेल्यांची रांग काय कमी देखणी असते? विजेच्या तारा मध्यें येतात म्हणून कांहीं लोक चित्र सोडून देतात. तारा तेथें आहेतच. त्यांना वगळून काढलेलें शहर हें लग्नासाठीं रंगविलेल्या पडद्यासारखें होय. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनीं भारतांतले रस्ते आयुष्यभर रंगीत छायाचित्रांतच टिपले. त्यांचें मुंबईवरील पुस्तक १९९४ मध्यें निघालें. गर्दी, पाट्या, कांचेंतलीं प्रतिबिंबें, ज्याला आपण अडथळा समजतों तें सारें त्यांनीं चित्राचा विषय केलें.

येथपर्यंत आनंदाची गोष्ट झाली. आतां तिसरा प्रश्न, आणि त्यांत थोडें दुःख आहे. जुन्या नाशकांतले वाडे जात आहेत. दर पावसाळ्यांत एखादी भिंत ढांसळते, लाकडी तुळई मोडते, कधीं माणूस दगावतो. वाटण्यांचे वाद, १९४७ च्या कायद्यानें गोठलेलीं व पुढेंही फारशीं न वाढलेलीं भाडीं, दुरुस्तीला पैसा नाहीं म्हणून हात आंखडणारा मालक, दुसरें घर परवडत नाहीं म्हणून जागा न सोडणारा भाडेकरू, अशा अनेक कारणांनीं वाडा आंतून कुजत जातो. सराफ बाजारांतल्या सरकारवाड्यासारख्या वास्तूला संरक्षण मिळालें आहे. तिचीं मोजमापें व चित्रें राहतील. पण ज्या वाड्यांत कोणी पेशवा राहिला नाहीं, फक्त तीन पिढ्या जन्मल्या, वाढल्या, भांडल्या आणि पांगल्या, त्याची नोंद कोण ठेवणार? प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका घराण्याचा वाडा पाडून तेथें मजल्यांची इमारत झाली. पुढें एका दिवाळींत सारे भाऊबहिणी जमले असतां बोलतां बोलतां प्रश्न निघाला कीं, चौकांतलें तुळशीवृंदावन विहिरीच्या उजव्या अंगाला होतें कीं डाव्या. धाकटा एक सांगे, थोरली बहीण दुसरें. सगळीं कपाटें धुंडाळलीं. मुंजींचीं, लग्नांचीं, हळदीकुंकवांचीं चित्रें निघालीं. त्यांत माणसें होतीं, पडदे होते, हार होते. वृंदावन एकाही चित्रांत पुरतें नव्हतें. त्या चौकांत ज्यांनीं पन्नास वर्षें रोज पाणी घातलें त्या आजीबाई त्यापूर्वींच निवर्तल्या होत्या. प्रश्न क्षुल्लक होता. तरी त्या दिवशीं जेवणाच्या पंक्तीवर एक प्रकारची स्तब्धता पसरली.

छायाचित्रानें वाडा वांचत नाहीं, हें मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. आणि चित्रांत सुंदर दिसतो म्हणून मोडका वाडा तसाच ठेवावा, असें म्हणण्याचा अधिकार बाहेरून पाहणाऱ्यास नाहीं. ज्याच्या डोक्यावर गळकें छप्पर आहे, ज्याच्या घरीं चार माणसांत एक न्हाणीघर आहे, त्याला आपल्या रसिकतेपेक्षां पक्कें घर अधिक गरजेचें आहे. झिजलेल्या पायरीचें कौतुक करतांना ती पायरी रोज चढणाऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यांचा विसर पडूं देऊं नये. घर जावयाचें असेल तर जावो, पण त्याची ओळख त्याच्याबरोबर मातींत जाऊं नये, एवढीच छायाचित्राकडून अपेक्षा ठेवावी.

याच संदर्भांत आणखी एक गोष्ट मनाला टोंचते. ती आपल्यासारख्या वाचकांपुढें मांडणें अवश्य वाटतें. छायाचित्राला चौकट असते, आणि चौकट म्हटली कीं कांहीं आंत येतें व कांहीं बाहेर राहतें. पंचवटींतल्या काळाराम मंदिराचीं चित्रें असंख्य आहेत. त्या मंदिराच्या दारांशीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्यांनीं तो वर्षानुवर्षें चालविला. ज्यांना आंत जाण्याची बंदी होती त्या माणसांच्या वस्त्या त्याच शहरांत होत्या, त्यांच्याही दारांवर तेंच सकाळचें ऊन पडत होतें. परंतु आपल्या घरांतल्या जुन्या वह्यांत त्या गल्ल्या कोठें आहेत? देऊळ आहे, रथ आहे, घाट आहे. घाट झाडणारा नाहीं. ज्यांनीं कॅमेरा धरला त्यांचें मन दुष्ट होतें असें नव्हे. त्यांचे पाय त्या बाजूस वळत नव्हते, म्हणून डोळेही वळले नाहींत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या हातीं आहे आणि त्या वस्त्यांतलीं मुलें आपल्या गल्ल्यांचीं चित्रें आपणच घेतात, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही शहर सुंदर आहे असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां किती शहर पाहून तें म्हणतों, हें स्वतःस विचारावें.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. यासाठीं महागडें यंत्र नको; घरांतला साधा मोबाईल पुरेसा आहे. पहिली गोष्ट, जागा एकच निवडावी, आणि ती घराजवळची असावी. उंबरठ्यावरून, माडीच्या खिडकींतून किंवा गच्चीच्या एका ठरलेल्या कोपऱ्यांतून चैत्रांत, ऐन आषाढांत, दिवाळीच्या सुमारास आणि पौषाच्या थंडींत, असें वर्षांतून चार वेळां चित्र घ्यावें. दुसरी, चित्र घेतांना दोन पावलें मागें सरावें. आपण नेहमीं फार जवळ जातों आणि वस्तु येते पण जागा येत नाहीं. भिंती सरळ याव्यात म्हणून यंत्र वर किंवा खालीं न कलवतां समोर धरावें. तिसरी, माणूस चित्रांत येणार असेल तर त्यास विचारावें. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रिया, दशक्रियेस बसलेले लोक, स्मशानाकडे जाणारी वाट, येथें यंत्र खिशांतच राहूं द्यावें. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: कागदावर छापून घेतलेल्या चित्राच्या मागें पेन्सिलीनें तारीख, गल्लीचें नांव, कोठून कोणत्या दिशेला पाहून घेतलें तें, आणि दिसणाऱ्या घरांत त्या वेळीं कोण राहत होतें तें लिहावें. मोबाईल हरवतो, बिघडतो, जुना झाला कीं टाकला जातो; त्याच्यांतलीं हजार चित्रें एका क्षणांत जातात. वर्षाकांठीं निवडक बारा चित्रें छापून घेतलीं तरी दहा वर्षांत एकशेंवीस होतील, आणि एवढ्यांत एका गल्लीचा इतिहास मावतो.

हें काम घरांत वांटून घ्यावें. चित्रें मुलांनीं घ्यावींत, नांवें आजीआजोबांनीं सांगावींत, टिपण सुनेनें किंवा नातीनें लिहावें. यांत एक फायदा असा कीं, मुलें ज्याला नुसती भिंत म्हणतात तिची हकीकत म्हाताऱ्या माणसाजवळ असते, आणि ती विचारल्यावांचून बाहेर येत नाहीं. ‘आजोबा, या ओट्यावर पूर्वीं कोण बसत असे?’ या एका प्रश्नावर अर्धा तास सुखाचा जातो. शिवाय घरांतल्या स्त्रियांनीं आपली जागा अवश्य टिपावी. स्वैंपाकघराच्या खिडकींतून दिसणारें शेजारचें अंगण, कपडे वाळत घालतांना दिसणारीं छपरें, यांवर ज्यांचे डोळे वर्षानुवर्षें गेले आहेत त्यांच्याइतकें तें दृश्य दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? पुरुषांनीं काढलेल्या चित्रांत घर बाहेरून दिसतें. आंतून बाहेर पाहणारी नजर आपल्या संग्रहांत फार थोडी आहे.

सिंहस्थ दर बारा वर्षांनीं येतो. २००३ मध्यें आला, २०१५ मध्यें आला, आणि त्या क्रमानें पुढचा २०२७ चा. प्रत्येक सिंहस्थाच्या निमित्तानें रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, कांहीं कोपरे कायमचे बदलतात. पर्वणीच्या गर्दीचीं चित्रें घेण्यास देशोदेशींचे लोक येतील. ती चिंता आपण करावयास नको. आपल्या दारापुढची गल्ली टिपण्यास मात्र बाहेरचें कोणी येणार नाहीं. हा अंक वाचून झाल्यावर, संध्याकाळचा उजेड शिल्लक असेल तर, घरांतल्या एखाद्या मुलास हांक मारावी, उंबरठ्यावर उभें करावें आणि समोर दिसतें तें टिपावयास सांगावें. मागें तारीख घालण्यास विसरूं नये.